आठ वजनगट चढलेला पॅकियाओ नवव्यात का गेला नाही?

फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओने पहिला जागतिक किताब 4 डिसेंबर 1998 रोजी जिंकला तेव्हा गटाची मर्यादा होती 112 पौंड, म्हणजे 50.8 किलो. 13 नोव्हेंबर 2010 रोजी टेक्सासमध्ये त्याने अँटोनियो मार्गारितोला हरवून 154 पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ 70 किलोच्या गटाचा पट्टा कमरेला लावला. बारा वर्षं, 19 किलो, आठ वजनगट. यातल्या एकदोन गटांत संघटनांचा पट्टा नव्हता, तिथल्या खऱ्या राजाला हरवल्याचा मान होता. तो धरूनही असा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. मग चाहते विचारतातच: एवढं जमलं, तर आणखी सहा पौंड चढून 160च्या मिडलवेटमध्ये काय अडचण होती? तिथून पुढे 168, 175?

अडचण आहे, आणि ती फक्त ‘समोरचा मोठा असतो’ एवढीच नाही. थोर बॉक्सर वरच्या गटात कधी जिंकतो, कधी मार खातो, हे ठरवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आधी मोजता येतात. फक्त गटांची संख्या मोजून काही कळत नाही.

गट मोजू नका, टक्के मोजा

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये 17 वजनगट सर्वमान्य आहेत. (2020मध्ये एका संघटनेने 224 पौंडांचा अठरावाही काढला, पण तो बाकीच्यांनी फारसा मनावर घेतला नाही.) या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. खाली 105 ते 135 पौंडांत नऊ गट कोंबलेले आहेत. दोन गटांमध्ये सरासरी पावणेदोन किलोसुद्धा अंतर नाही. मधल्या भागात 140, 147, 154, 160, 168, 175 अशा तीन-साडेतीन किलोंच्या पायऱ्या. मग 175च्या लाइट हेवीवेटवरून एकदम 200चं क्रूझरवेट, म्हणजे 11 किलोंहून जास्त. आणि 200च्या वर हेवीवेट, ज्याला छतच नाही.

त्यामुळे ‘तीन गट चढला’ या वाक्याला स्वतःचा असा अर्थ नाही. 105वरून 115ला जाणं म्हणजे साडेचार किलो. क्रूझरवेटवरून हेवीवेटला जाणं कागदावर एकच गट, पण क्रूझरवेटमधून आलेल्या ओलेक्सांडर उसिकसमोर डिसेंबर 2024मध्ये टायसन फ्युरी उभा होता तो 281 पौंडांचा, म्हणजे 127 किलोंचा, उसिक 226चा. फरक 25 किलो. पॅकियाओने बारा वर्षांत आठ गटांमध्ये जे अंतर कापलं, त्यापेक्षा हे जास्त, आणि तेही एका रात्रीत.

टक्केवारी काढली की चित्र स्पष्ट होतं. ती काढायची हलक्या बॉक्सरच्या वजनावर, आणि काट्यावरच्या नव्हे, रिंगमधल्या वजनावर.

काट्यावरचं वजन आणि रिंगमधलं वजन

व्यावसायिक लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं. काटा आणि पहिली घंटा यांच्यामध्ये चोवीस ते तीसएक तास मिळतात. 147च्या गटात लढणारा बहुतेक कोणीही रोज 147चा नसतो. लढतीच्या आधीच्या आठवड्यात तो मीठ आणि पिष्टमय पदार्थ कमी करतो (स्नायूंत साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं), शेवटच्या दिवशी पाणी जवळपास बंद करतो, सॉनात किंवा गरम पाण्याच्या टबात घाम काढतो. शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ टक्के असे उतरवले जातात. काटा दिला की क्षार-साखरेचं पाणी, भात, पास्ता, आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये चार-सहा किलोंनी भरलेला माणूस. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन म्हणूनच किताबाच्या लढतीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा लावते आणि गटाच्या मर्यादेवर दहा पौंडांपेक्षा जास्त चढू देत नाही.

वर जाणाऱ्या बॉक्सरची पहिली फसगत इथेच होते. तो खालच्या गटातून आलेला असतो, त्याला उतरवायला काही नसतं. तो 147 खाऊन-पिऊन गाठतो, समोरचा 147 उपाशी राहून गाठतो. फोटोत दोघं सारखे दिसतात.

मिकी गार्सिया आणि एरोल स्पेन्स, 16 मार्च 2019. गार्सिया लाइटवेटचा (135 पौंड) विजेता, उत्तम तंत्र, तोवर अपराजित. काट्यावर दोघांत नावापुरता फरक. लढतीत बारापैकी बाराही फेऱ्या स्पेन्सच्या. पंचांचे निकाल 120–107 आणि दोनदा 120–108. गार्सिया वाईट लढला असं नाही. त्याच्या जॅबपेक्षा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ झटपट ठोशापेक्षा, स्पेन्सचा जॅब आधी पोचत होता आणि पोचल्यावर त्याला मागे सरकवत होता. तेवढंच बाराही फेऱ्या घडलं.

याच्या उलट उदाहरण पॅकियाओचंच. डिसेंबर 2008मध्ये तो ऑस्कर डी ला होयाशी लढला तेव्हा सगळ्यांना वाटलं हा आत्मघात आहे, कारण डी ला होया 154 आणि 160 पौंडांत लढून आलेला. पण त्या लढतीसाठी डी ला होयाला बऱ्याच वर्षांनी 147च्या खाली यावं लागलं. काट्यावर तो 145, पॅकियाओ 142. रिंगमध्ये डी ला होया 147 आणि पॅकियाओ 148.5. म्हणजे ‘लहान’ माणूसच जड होता. डी ला होयाच्या शरीरात पाणी परत भरलंच नाही, आणि आठव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठला नाही.

पॅकियाओच्या चढाईत हा हिशेब वारंवार दिसतो. मिगेल कोटोला 147ऐवजी 145वर बोलावलं. मार्गारितोशी किताब 154चा, पण करार 150चा. अशा ठरवून घेतलेल्या मर्यादेला कॅचवेट म्हणतात. यात बेकायदा काही नाही, आणि पॅकियाओने कोटो-मार्गारितोला हरवलं ते वजनाच्या कागदाने नव्हे, हाता-पायांनीच. पण ‘आठ गट’ म्हणताना हा भाग गाळू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पॅकियाओचा खरा गट 112 कधी नव्हताच. 1995मध्ये सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला तेव्हा गरिबीत वाढलेला, अर्धपोटी मुलगा होता. सप्टेंबर 1999मध्ये त्याला 112चा काटा देता आला नाही, किताब तिथेच गेला, आणि वजन उतरवून पोकळ झालेला तो तिसऱ्या फेरीत पोटावरच्या ठोशाने बाद झाला. त्यानंतर तो थेट 122ला गेला आणि तिथे फुलला. म्हणजे सुरुवातीचं चढणं हे मोठ्यांच्या गटात घुसणं नव्हतं. वाढणारा मुलगा आपल्या मूळ वजनाकडे चालला होता. माझ्या मते त्याच्या खऱ्या धाडसाचे गट फक्त शेवटचे दोन, 147 आणि 154.

मोठ्या माणसाचा ठोसा जड का लागतो

स्नायूची ताकद त्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, वजन मात्र आकारमानाबरोबर. म्हणून वजन 20 टक्क्यांनी वाढलं तर ताकद साधारण 13 टक्क्यांनी वाढते. किलोमागे पाहिलं तर हलका बॉक्सर जास्त ताकदवान असतो, म्हणून तो चपळ दिसतो आणि असतोही. पण समोरच्याच्या जबड्याला किलोमागचा हिशेब कळत नाही. त्याला एकूण आकडा लागतो.

ठोशाच्या जोरात दोन गोष्टी असतात: हाताचा वेग आणि त्या हातामागे किती वस्तुमान ‘जोडलेलं’ आहे ते. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या ऑलिंपिक बॉक्सरांना एका डमीच्या चेहऱ्यावर ठोसे मारायला लावले होते. हाताचा वेग सरासरी सेकंदाला 9 मीटर, आणि मागे जोडलेलं वस्तुमान सरासरी 2.9 किलो. जड बॉक्सरांचा जोर जास्त भरला तो वेगामुळे नव्हे, या जोडलेल्या वस्तुमानामुळे. वेगात हलके आणि जड यांच्यात तेवढी तफावत नव्हती.

हे जोडणं म्हणजे काय, ते उजव्या सरळ ठोशात बघा. मागच्या पायाची टाच उचलून बाहेर फिरते, कंबर वळते, खांदा पुढे येतो, आणि लागण्याच्या क्षणी मनगट व मूठ आवळली जाते. साखळी अखंड असली तर धडाचं वजन मुठीत येतं. एक कडी सैल पडली की फक्त हात जातो. आता समोरचा चार इंच उंच आणि लांब हातांचा आहे असं धरा. त्याच्या हनुवटीपर्यंत पोचायला लहान बॉक्सरला झेपावं लागतं. पुढचा पाय लांब पडतो, वजन आधीच पुढे गेलेलं असतं, कंबर वळायला जागाच राहत नाही. ठोसा लागतो, पण हाताचाच. वर झेपावताना हनुवटी उचलली जाते आणि डावा हात खाली येतो. म्हणजे कमी जोराचा ठोसा देऊन पूर्ण जोराचा घेण्याची सोय त्याने स्वतःच केलेली असते. वरच्या गटात नॉकआउट झालेल्यांच्या चित्रफिती मंद गतीने पाहिल्या तर बऱ्याचदा हीच झेप दिसते.

घेण्याच्या बाजूचा हिशेब आणखी वाईट. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं असतं, आणि शरीराचं वजन वाढलं तरी ते त्या प्रमाणात वाढत नाही. जड बॉक्सरकडे जास्त असते ती मान आणि खांद्यांची बैठक. ठोशाने डोकं जितक्या झटक्याने फिरतं तितकी शुद्ध हरपण्याची शक्यता जास्त. जाड मान तो झटका कमी करते. मानेचे व्यायाम करून लहान बॉक्सर थोडं भरून काढतो, पण आठ आठवड्यांत पैलवानाची मान येत नाही.

धाक नसला की तंत्र महाग पडतं

आता मूळ मुद्दा. लहान बॉक्सर वर जाऊन हरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा ‘ठोसा सहन झाला नाही’ असं सांगतात. ते शेवटचं कारण असतं. त्याआधी दुसरंच काही घडलेलं असतं: समोरच्याला त्याच्या ठोशाचा धाक वाटेनासा झालेला असतो.

बॉक्सिंगमधलं जवळजवळ सगळं तंत्र धाकावर उभं आहे. फसवा जॅब का चालतो? खरा लागला तर दुखेल म्हणून. अंतर राखता का येतं? पुढे आलं तर ठोसा बसेल म्हणून. समोरच्याला एकदा कळलं की याचे दोन खाऊन आपला एक द्यायला परवडतो, की फसवा ठोसा निरर्थक होतो, अंतर कोसळतं, आणि लहान बॉक्सरला प्रत्येक फेरीत दुप्पट पावलं चालावी लागतात. आठव्या फेरीत पाय थकतात ते इथे.

सप्टेंबर 2016मध्ये केल ब्रुक 147वरून थेट 160ला, गेनाडी गोलोव्हकिनसमोर गेला. दुसऱ्या फेरीत त्याने मारलेले अपरकट (खालून वर येणारे ठोसे) सुंदर होते, प्रेक्षक उभे राहिले. गोलोव्हकिन चालतच राहिला. पाचव्या फेरीत ब्रुकच्या कोपऱ्यातून माघारीचा टॉवेल पडला. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात आमिर खान 155च्या करारावर कानेलो आल्वारेझशी लढला. पहिल्या पाच फेऱ्या खान वेगाने सरस वाटत होता. कानेलो घाईत नव्हता, कारण त्याला लागलेल्या कशाचीच भीती वाटली नव्हती. सहाव्या फेरीत तो पोटाकडे मारण्याचा आव आणून खाली वाकला, खानचा डावा हात खाली आला, आणि वरून उजवा पडला. तिथेच लढत संपली.

याच्या उलट, वर जाऊन जिंकलेले बघा. 1 मार्च 2003 रोजी लास व्हेगासमध्ये रॉय जोन्स ज्युनियर 193 पौंडांवर हेवीवेट विजेत्या जॉन रुइझसमोर उतरला; रुइझ 226. फरक 15 किलो, म्हणजे 17 टक्के. जोन्सने सुरुवातीच्या फेऱ्यांतच उजव्या हाताने रुइझला हादरवलं, आणि नंतर रुइझ पुढे यायला कचरला. बाकीचा खेळ जोन्सने त्या संकोचावर केला आणि एकमताने गुणांवर जिंकला. तो मूळचा मिडलवेट विजेता. मिडलवेटचा माणूस हेवीवेट विजेता होणं हे त्याआधी 1897मध्ये बॉब फिट्झसिमन्सनंतर घडलेलं नव्हतं. पण हेही नोंदवायला हवं की जोन्सने निवडला तो रुइझ: संथ, सहा फूट दोन इंच, मिठी मारून लढणारा. त्या वेळच्या सर्वांत धोकादायक हेवीवेटला त्याने निवडलं नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं.

मिठी, म्हणजे क्लिंच, हे जड माणसाचं दुसरं हत्यार. गळ्याभोवती हात टाकून वजन सोडून द्यायचं. लहान बॉक्सरच्या मांड्या आणि कंबर दर वेळी तो भार उचलतात. यात एकही गुण मिळत नाही, पण तीन फेऱ्यांनंतर पाय शिशाचे होतात. रेफ्री क्लिंच लगेच सोडवणारा असेल तर हलक्याचा फायदा. जोन्सच्या त्या लढतीत तसंच झालं आणि रुइझच्या कोपऱ्याची तक्रार हीच होती. म्हणून मोठ्या लढतीआधी दोन्ही छावण्या रेफ्रीच्या नावावरून घासाघीस करतात.

1941मध्ये बिली कॉनने जो लुईससमोर जवळजवळ अशक्य करून दाखवलं होतं. जाहीर झालेलं वजन कॉन 174, लुईस 199.5. बारा फेऱ्यांनंतर दोन अधिकाऱ्यांच्या कार्डावर कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्या फेरीत तो अंतर राखायचं सोडून लुईसला बाद करायला आत गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतःच बाद झाला. बारा फेऱ्या त्याने जपलेलं अंतर त्याच्या ठोशामुळे नव्हतं, पायांमुळे होतं. ठोशावर भरवसा ठेवायची वेळ आली तेव्हा हिशेब उघडा पडला.

हाडांचा सापळा कोणाचा मोठा आहे

वजन वाढवता येतं; उंची आणि हाताची लांबी नाही. थॉमस हर्न्स 1980मध्ये 147चा विजेता झाला तेव्हा सहा फूट एक इंच उंच होता, हातांची लांबी 78 इंच. त्या गटात तो काटकीसारखा दिसायचा. 1987मध्ये तो 175चा विजेता झाला तेव्हा नवा माणूस झाला नव्हता. सापळा आधीच तिथला होता, मांस नंतर भरलं.

सप्टेंबर 2025मध्ये टेरेन्स क्रॉफर्डने 168 पौंडांवर कानेलोला हरवलं (116–112, 115–113, 115–113). त्याआधी 154वर त्याची एकच लढत झाली होती आणि सुरुवात 135मध्ये. कागदावर वेडेपणा. पण क्रॉफर्डची उंची कानेलोएवढीच, किंबहुना कणभर जास्त, आणि हात साडेतीन इंचांनी लांब: 74 विरुद्ध 70.5. त्याला झेपावं लागत नव्हतं. शिवाय कानेलो 35 वर्षांचा, फेरीमागे मोजकेच ठोसे मारणारा. तोच कानेलो मे 2022मध्ये 175ला जाऊन दिमित्री बिव्होलकडून हरला, तिन्ही पंचांकडे 115–113. बिव्होल सहा फुटांचा, मारल्यावर जागेवर न थांबणारा; कानेलोचे ठोसे त्याच्या दंडांवर पडत राहिले आणि शेवटच्या फेऱ्यांत त्याचा दम संपला.

रॉबर्टो दुरान हा या सगळ्या नियमाला दिलेला टोमणा आहे. पाच फूट सात इंचांचा, मूळ 135चा. फेब्रुवारी 1989मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने सहा फूट एक इंचाच्या आयरन बार्कलीकडून मिडलवेटचा किताब घेतला. त्याच बार्कलीने आदल्या वर्षी हर्न्सला तिसऱ्या फेरीत बाद केलं होतं, आणि हर्न्सने 1984मध्ये दुरानला दुसऱ्या फेरीत. लांबीवर हरणारा दुरान बार्कलीवर का चालला? बार्कली आत येऊन लढायचा. म्हणजे दुरानला अंतर पार करावंच लागलं नाही. आतल्या लढाईत, खांद्याला खांदा लावून, दुरानसारखं कोणी नव्हतं. आणि अकराव्या फेरीत त्याने बार्कलीला खाली बसवलं, म्हणजे धाकही होता. शिवाय तो जवळजवळ दहा वर्षं 147 आणि वरच्या गटांत वावरत होता. एका शिबिरात चढला नव्हता.

वजन चढवायचं कसं, आणि बिघडतं कुठे

मुरलेल्या खेळाडूला शुद्ध स्नायू आठवड्याला पाव किलोच्या पुढे सहसा मिळत नाही. चार किलो उपयोगी वजन हवं तर चार महिने लागतात, आणि तेही रोजच्या गरजेवर 300 ते 500 कॅलरी जास्त, किलोमागे 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा व्यायाम धरून. आठ आठवड्यांच्या शिबिरात ‘सहा किलो चढवले’ असं कोणी सांगत असेल तर त्यातलं निम्म्याहून अधिक पाणी, चरबी किंवा आणखी काही असतं. जेम्स टोनीने 2005मध्ये रुइझला हरवून हेवीवेटचा किताब घेतला, आणि चाचणीत नॅन्ड्रोलोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडल्यावर तो निकाल रद्द झाला.

वजन कुठे चढतं हेही महत्त्वाचं. छाती आणि खांदे फुगवले की हात लवकर जड होतात, गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, सहाव्या फेरीत उतरू लागतो. हवं असतं ते मांड्या, नितंब, पाठ आणि मानेवर. 1985मध्ये मायकेल स्पिंक्सने लॅरी होम्ससाठी 200 पौंड गाठले तेव्हा त्याच्या तयारीत लांब पल्ल्याच्या धावण्याऐवजी छोटे वेगवान स्प्रिंट आणि वजनं होती. पाय शाबूत राहिले आणि लाइट हेवीवेटचा विद्यमान विजेता पहिल्यांदाच हेवीवेटचा राजा झाला. होम्स तेव्हा 35चा होता, हेही खरं. तीन वर्षांनी माइक टायसनने स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवलं. काट्यावर दोघांत फक्त सहा पौंडांचा फरक होता. त्या रात्री मुद्दा वजनाचा नव्हताच.

एक बारीक गोष्ट: 147पर्यंत 8 औंसांचे ग्लोव्ह्ज असतात, त्यावर 10 औंसांचे. म्हणजे हातामागे 57 ग्रॅम जास्त आणि गादी जाड. वेगावर जगणाऱ्याचा ठोसा आणखी बोथट होतो. सराव मात्र सगळेच 14 किंवा 16 औंसांत करतात, म्हणून हा फरक थेट लढतीतच जाणवतो. आणि सरावात जड जोडीदार घेतले नाहीत तर क्लिंचमधला भार पहिल्यांदा कळतो तोही तिथेच.

उसिकचं यश याच चौकटीत बसतं. तो सहा फूट तीन इंचांचा, क्रूझरवेटमध्ये वजन उतरवून लढायचा. अँथनी जोशुआसमोर सप्टेंबर 2021मध्ये तो 221 पौंडांचा होता, जोशुआ 240. फरक 9 टक्क्यांच्या आत. पुढे फ्युरीशी हा फरक 17 आणि मग 24 टक्के. उसिक डावखुरा, सतत बाजूला सरकणारा, आणि पहिल्या फ्युरी लढतीत नवव्या फेरीत त्याने फ्युरीला दोरखंडांवर लोळवून दाखवलं की आपल्या ठोशाने दुखतं.

गट निवडण्याची मुभाच नसली तर

हौशी बॉक्सिंगमध्ये लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे पाणी काढून भरण्याचा खेळ छोटा राहतो. तिथे प्रश्न वेगळा: ऑलिंपिकमध्ये आपला गटच नसतो. मेरी कोमने जागतिक सुवर्णं 45, 46 आणि 48 किलोंत जिंकली. लंडन 2012मध्ये महिलांसाठी सर्वांत खालचा गट 51 किलो. ती वर गेली, कांस्य आणलं, आणि उपांत्य फेरीत तिच्याहून उंच निकोला अ‍ॅडम्सने तिला 11–6 हरवलं. तेव्हाच्या पद्धतीत स्वच्छ लागलेल्या ठोशाला गुण मिळायचे, त्याच्या जोराला नाही. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. बारा फेऱ्यांची लढत असती तर तीन किलो जास्त बोचले असते. लवलीना बोरगोहेनला टोकियोनंतर 69 किलोंचा गट रद्द झाल्याने 75ला जावं लागलं, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. उंच बांध्यामुळे ते तिला पेललं, आणि 2023मध्ये दिल्लीत ती 75चीच जगज्जेती झाली.

परत उतरणं

चढण्यापेक्षा उतरणं शरीराला जास्त महाग पडतं. जोन्सने रुइझला हरवल्यावर आठ महिन्यांत पुन्हा 175 गाठले. आठ किलो, त्यातलं बरंच मेहनतीने कमावलेलं मांस. त्या रात्री अँटोनियो टार्व्हरशी तो कसाबसा जिंकला, मे 2004मध्ये टार्व्हरनेच त्याला दुसऱ्या फेरीत बाद केलं, आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्यात. वय 35 होतं, पण त्याआधी त्याला कोणी असं पाडलं नव्हतं. ब्रुकही गोलोव्हकिननंतर 147ला परतला आणि मे 2017मध्ये स्पेन्ससमोर दुसऱ्या डोळ्याची खोबण मोडून घेऊन बसला.

पॅकियाओने ही चूक केली नाही. मार्गारितोला हरवल्यावर तो 154चा पट्टा राखायला थांबलाच नाही, सरळ 147ला परतला. आणि परतायला त्याला काही उतरवावं लागलं नाही. मार्गारितोसमोर तो काट्यावर 144.6 होता आणि रिंगमध्ये 148. मार्गारितो रिंगमध्ये 165, म्हणजे साडेअकरा टक्के जास्त. पॅकियाओने त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, जवळपास सगळ्या फेऱ्या घेतल्या, तरी बरगड्यांवर असे ठोसे खाल्ले की मधल्या एका फेरीत तो वाकलेला दिसला. आणि मार्गारितो संथ होता. मिडलवेटचे बॉक्सर रिंगमध्ये 170च्या आसपास येतात. त्यात गोलोव्हकिनसारखा, जॅबने रिंग छोटी करत आणणारा धरा: फरक 15 टक्के, दहा सेंटिमीटरांहून जास्त उंची आणि ठोसे खाऊन चालत राहायची तयारी. तीन-चार फेऱ्या पॅकियाओच्या झाल्या असत्या. 160मध्ये त्याला जिंकता आलं असतं ते एखाद्या थकलेल्या, 155च्या करारावर उतरवलेल्या विजेत्याविरुद्धच.